आधी वेज बघा : तोजीच्या बाजारातून आणलेला ओजिमे

आमचं घराणं पटवेकऱ्यांचं. रविवार पेठेत आजोबांची गादी होती, पुढे तिथेच वडील बसले, मी आता घरूनच काम घेते. सोनाराने पुतळ्या, बोरं, मणी घडवून दिले की ते रेशमात गाठवायचे, मागे गोफ घालायचा, गोंडा बांधायचा. तेहेतीस वर्षं हेच करतेय. आजोबा एक गोष्ट सारखी सांगायचे : मणी हातात आला की रंगाकडे जाऊ नकोस, आधी वेज बघ. वेज म्हणजे मण्याचं आरपार भोक. माळ तुटते ती तिथेच तुटते.

गेल्या ऑक्टोबरात मुलाकडे जपानमधल्या क्योतोला गेले आणि अडीच महिने राहिले. तिथे ज्या मण्याच्या मी प्रेमात पडले, त्याच्याबद्दल लिहितेय. मणी सात्सुमा धाटणीचा, भाजलेल्या मातीचा, झिलई केलेला, वर रंग आणि सोनं. किंमत ८,००० येन, आपल्याकडचे साधारण साडेचार हजार रुपये. आता पाच महिने तो रोज वापरात आहे.

आधी हा मणी कशासाठी असतो ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय त्याचं बरं-वाईट ठरवता येत नाही. जपानीत त्याला ओजिमे म्हणतात. ‘ओ’ म्हणजे दोर, ‘शिमे’ म्हणजे आवळणं. किमोनोला खिसे नसतात. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दिवसांत, पुरुष आपल्या वस्तू ओबीला, म्हणजे किमोनोवरच्या कमरपट्ट्याला, लटकवत : तंबाखूची पिशवी, पैशांचा बटवा, नाहीतर इनरो. इनरो म्हणजे एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांची चपटी डबी, बहुतेक लाखकाम केलेली, आत औषधं. डबीच्या दोन्ही कडांतून दोर वर येतो, दोन्ही टोकं एकत्र होतात आणि शेवटी नेत्सुके नावाची कोरीव गुंडी असते. ती ओबीच्या वरच्या काठावर अडकते, बाकीचं खाली लोंबतं. नेत्सुके आणि डबी यांच्या मधे, दोन पदरी दोरावर, एक मणी असतो. तो खाली सरकवला की डबीचे कप्पे एकमेकांवर घट्ट बसतात, वर ओढला की मोकळे होतात. तो ओजिमे.

आपल्या बटव्याची नाडी आठवा. किंवा ठुशीच्या मागची दोरी, जी सरकवून गळ्याबरोबर करतात. काम तेच.

नेत्सुकेला जगभर मान आहे. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजपुत्र ताकामादो यांच्या संग्रहातल्या नेत्सुकेंसाठी वेगळं दालन आहे आणि लोक काचेला नाक लावून बघतात. मधल्या मण्यापाशी फारसं कोणी थांबत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. नेत्सुकेला अडकून राहायचं असतं, डबीला लोंबायचं असतं. दिवसातून दहा वेळा बोटात येणारा, सरकणारा आणि तरी दोर धरून ठेवणारा हा एकटा.

ओजिमे कशाकशाचे करत! पोवळं, अकीक, हस्तिदंत, सांबरशिंग, लाकूड, लाख, काच, मीनाकाम. १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारीची मूठ-कडी घडवणारे कारागीर मोकळे झाले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी धातूचे फार सुंदर मणी केले. मातीचे त्या मानाने कमी, आणि ते कमी का ते ओवणाऱ्याला लगेच कळतं. माती वाळताना आकसते, भट्टीत पुन्हा आकसते. आज पाडलेलं वेज उद्या तेवढंच राहत नाही. झिलई वितळली की भोकात उतरते. बरं, मण्याला बूड नसतं. वाटीला बूड असतं, तिथली झिलई पुसून टाकली की वाटी भट्टीत सुखरूप बसते. मण्याला सगळीकडून चकचकीत व्हायचं असतं, तरी कुठेतरी टेकायचंही असतं. म्हणून पुष्कळदा वेजाच्या तोंडाशी झिलईशिवायची एक कोरी कड राहते. भाजलेल्या मातीची ती कोरी कड म्हणजे रेशमाला कानस.

तोजी हे क्योतो स्टेशनपासून पायी पंधराएक मिनिटांवरचं शिंगोन या बौद्ध पंथाचं मंदिर. कोबो दैशी म्हणजे या पंथाचे संस्थापक कुकाई, त्यांची पुण्यतिथी तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेची, म्हणून दर महिन्याच्या २१ तारखेला तिथे बाजार भरतो. त्याला लाडाने ‘कोबो-सान’ म्हणतात. पाच मजली लाकडी पॅगोडा, उंची सुमारे ५५ मीटर, आणि त्याच्या सावलीत लोणची, झाडाची रोपं, जुने किमोनो, गंजलेली हत्यारं, चहाच्या वाट्या. आतल्या एका दालनात हत्तीवर बसलेला इंद्र आहे आणि हंसांवर बसलेला ब्रह्मदेव. तिथे मी हात जोडून बराच वेळ उभी राहिले. मुलगा म्हणाला, “आई, बाजार चारला उठतो, चल.”

ज्या टपरीवर मणी मिळाला तिचं नाव नव्हतंच. सत्तरीच्या पुढच्या एक आजी, जमिनीवर निळं कापड, त्यावर तुटके कंगवे, किमोनोच्या ओबीवर लावायच्या पट्ट्या, बटणं. मणी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते, सगळे एकत्र. मी डब्यात हात घालायच्या आधी मुलाला विचारायला सांगितलं. त्यांनी डबाच माझ्या मांडीपाशी सरकवला.

मी वीसेक मणी बाजूला काढले. पिशवीतून रेशमाचा एकेरी धागा काढला, ओठांनी ओला केला आणि एकेका वेजातून दहा-दहा वेळा मागेपुढे ओढला. आजोबांची परीक्षा ही. ओल्या रेशमाचा काटा लगेच उभा राहतो. वेज खरखरीत असेल तर दहाव्या ओढीला धाग्यावर लव येते, बोटाला कळते. डोळ्यांना दिसायच्या आधी कळते.

आजी बघत होत्या. मग काही म्हणाल्या. मुलगा म्हणाला, “त्या विचारतायत, तू काय काम करतेस.” मी गळ्यातली बोरमाळ पुढे केली आणि मागचा गोफ दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरून पेड मोजले. खरंच मोजले, नखाने. मग डबा बाजूला ठेवून मागच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेले आणखी चार मणी काढले. त्यातला हा एक.

आकार जरा चपटा, रुंदी १५ मिलिमीटर, बोरापेक्षा लहान. रंग सायीचा. पांढरा म्हणता येणार नाही, आटवलेल्या दुधावर येते त्या सायीचा. झिलईत बारीक तडे आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे. हा दोष समजू नका. झिलई आणि खालची माती यांचं आकसणं सारखं नसतं, झिलई जास्त आकसते आणि तडकते, आणि सात्सुमाची ही ओळख आहे. त्यावर शेवंतीची फुलं, दाटीवाटीने, एकावर एक, जराही जागा न सोडता. भिंगातून मोजायला बसले तर एकतीस फुलं झाली, त्यातली सात अर्धी, दुसऱ्या फुलामागे गेलेली. प्रत्येक पाकळीची कड सोन्याची. एका पाकळीवर कारागिराचा कुंचला जरा अडखळलाय, सोनं एका ठिकाणी जाड झालंय. मला तो ठिपका फार आवडतो.

आणि समोरासमोर दोन जागी सोनं उडालंय. दोन लांबट डाग, एक थोडा मोठा. आधी वाटलं, घासून साफ करताना गेलं असेल. मग मी मणी दोरावर सरकवायला धरला तसा अंगठा आणि तर्जनीत धरला, आणि बोटं बरोबर त्या दोन डागांवर बसली. म्हणजे हा मणी कपाटात ठेवलेला नव्हता. कोणीतरी रोज उघड-मीट करत होतं.

वेज साडेतीन मिलिमीटर. तोंडाशी झिलई नाही, पण कड खरखरीत सोडलेली नाही. भाजायच्या आधी ओल्या कापडाने नाहीतर बोटाने गोल केल्यासारखी वळवलेली आहे. दहा ओढींनंतर धागा जसाच्या तसा. वीस ओढल्या. तसाच. किंमत ९,००० सांगितली होती, आजींनी आपणहून हजार कमी केले. मी घासाघीस केली नाही, करावीशीच वाटली नाही.

सात्सुमा हे क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाचं संस्थान. सोळाव्या शतकाच्या शेवटी कोरियावर स्वाऱ्या झाल्या, तेव्हा परतणाऱ्या सरदारांनी कोरियन कुंभार बरोबर आणले. तिथून या मातीकामाची परंपरा सुरू होते. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात सात्सुमाने आपला वेगळा माल मांडला आणि युरोपला या सायीच्या रंगाचं वेड लागलं. मग क्योतोच्या आवाता भागातही त्याच धाटणीचं काम परदेशासाठी होऊ लागलं, त्याला क्यो-सात्सुमा म्हणतात. सान्नेनझाका या चढणीच्या रस्त्यावर एक लहान संग्रहालय आहे, किओमिझू सान्नेनझाका म्युझियम. तिथे मेजी काळातलं, म्हणजे १८६८ ते १९१२ मधलं, हे काम बघायला मिळतं. मणी घ्यायच्या आधी मी तिथे दोनदा गेले होते, आणि घेणाऱ्याने जावंच असं मी सांगेन. चांगलं काम आधी डोळ्यात भरलं की बाजारात फसायला होत नाही.

फसणं मात्र मला माहीत आहे, कारण जायच्या आधी पुण्यातूनच मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सहा मण्यांचा संच मागवला होता. ‘हाताने रंगवलेले जपानी सात्सुमा मणी’, २,४०० रुपये. भिंग लावलं आणि मन खट्टू झालं. फुलांचा रंग बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखा. कुंचल्याच्या फटकाऱ्यात ठिपके नसतात. सहाही मण्यांवर तेच फूल, त्याच जागी तेच पान. छापील चित्र चिकटवून भाजलेलं. एका बाजूला चित्राची दोन टोकं जिथे मिळतात तिथे एक पाकळी कापलेली. हे सगळं मी पोटात घातलं असतं, पण वेज सव्वा मिलिमीटरचं! त्यातून दोन पदरी दोर जाणारच नाही. मग ते ओजिमे कसले? एकेरी रेशमात ओवून बघितले, कडेला झिलईचा धारदार काठ होता, तिसऱ्या दिवशी पेड तुटला. परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, माल वापरलेला आहे. पैसे गेले ते गेलेच.

तिसरा मणी मुलाने कानाझावाहून आणला, नवा, कुतानीचा, म्हणजे तिकडच्या रंगवलेल्या चिनी मातीचा, ३,८०० येन. कुतानी म्हणजे हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा, लाल हे पाच रंग डोळ्यांसमोर येतात, पण यावर फक्त लाल रेषा आणि थोडं सोनं. रेषा इतक्या बारीक की लांबून मणी गुलाबी दिसतो. जवळ आणला की कळतं, गुलाबी रंग कुठेच नाही, पांढऱ्यावर लाल जाळी आहे. हे काम आज जिवंत माणसाने बसून केलंय, आणि या पैशांत केलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं. वेजही आतपर्यंत झिलईचं, काचेसारखं गुळगुळीत. रेशीम कापायचा प्रश्नच नाही.

पण तो फार सरकतो. बरोबर आलेल्या पॉलिस्टरच्या दोरावर तर थांबतच नव्हता, सोडला की खाली. मी तो दोर काढून दीड मिलिमीटरचा रेशमी कुमिहिमो घातला, म्हणजे जपानी विणीचा गोफ. मग बरा धरला. रेशीम जरा फुगतं, पेडांच्या खाचा मण्याला धरतात. कुणी नवा मणी घेतला तर दोर मात्र रेशमाचाच घ्या. तोक्योत उएनोजवळ दोम्यो नावाचं कुमिहिमोचं दुकान १६५२ पासूनचं आहे, आणि क्योतोत तर गल्लोगल्ली दोर मिळतो. मण्याच्या किमतीत दोराची काटकसर करू नये.

आता सोन्याबद्दल, कारण मैत्रिणींनी तेच विचारलं. मातीवरचं सोनं सगळ्यात शेवटी येतं. आधी माती भाजायची, मग झिलई चढवून कडक आचेवर भाजायची, मग रंग भरून कमी आचेवर, आणि सोनं त्याहूनही नरम आचेवर. म्हणून ते सगळ्यात वर असतं आणि सगळ्यात आधी झिजतं. आता सर्रास वापरतात ते पातळ सोनं भट्टीतून आरशासारखं चकाकत बाहेर येतं. सोन्याची पूड लावून नंतर घोटलेली असेल तर चमक मऊ असते, पुतळीच्या जुन्या सोन्यासारखी. माझ्या मण्याची तशी आहे. वेजाजवळ गोलात फुली असा शिक्का दिसला तर त्याने भुलू नका. ती सात्सुमाच्या शिमाझू घराण्याची खूण, पण निर्यातीच्या दिवसांत ती कुणीही कशावरही काढत असे. शिक्क्याला पैसे देऊ नका, हाताला द्या.

आणि तडे असलेला सात्सुमा हळदीच्या, तेलाच्या हाताने धरायचा नाही. तडे तेल पितात आणि डाग आतून बसतो, मग तो निघत नाही.

परत आल्यावर मणी कुठे घालायचा हा विचार आठवडाभर चालला. एका गिऱ्हाईकबाईंनी बघितला आणि तन्मणीच्या मधे बसवून द्या म्हणाल्या, दुप्पट पैसे देते म्हणाल्या. मी नाही म्हटलं. हा मणी मधे नुसता बसवून ठेवला असता तर त्याचं काम गेलं असतं. शिवाय गळ्यात घामाशी, अत्तराशी सोनं लवकर गेलं असतं.

आईला ब्याऐंशी वर्षं झाली. बोटांचे सांधे सुजलेले, चेनची जीभ चिमटीत येत नाही, बटण लागत नाही. तिचा एक जुना खणाचा बटवा होता, नाडी नुसती गाठ मारायची. ती गाठ सोडवायला रोज कुणाला तरी हाक मारायची. मी ती नाडी काढली, आठ पेडी रेशमी गोफ विणला, दोन्ही टोकं मेण लावून सुईसारखी ताठ केली आणि एकत्र मण्यातून ओढली. पहिल्यांदा गोफ जाड झाला, मणी हलेना. उसवला. दोन पेड कमी केले, तर मणी आपोआप घसरू लागला. पुन्हा उसवला. सात पेडांचा केला तेव्हा जमलं : ओढला तर येतो, सोडला तर तिथेच राहतो. खाली गोंडा बांधला, म्हणजे मणी निसटून पडायला नको.

पाच महिन्यांत रेशीम कुठेही विरलेलं नाही, मी दर रविवारी बघते. सोन्याचा मोठा डाग किंचित वाढलाय, आईचा अंगठा तिथेच बसतो. नाडी तिची ती उघडते, कुणाला हाक मारत नाही.

जायचं असेल त्यांनी २१ तारीख धरून क्योतोला जावं, सकाळी आठच्या आत तोजीला पोहोचावं, रोख येन न्यावेत, आणि खिशात रेशमाचा एक धागा ठेवावा. मातीचा ओजिमे रोज मिळेलच असं नाही. मिळाला तर ओवून बघू द्या म्हणून नम्रपणे विचारा. जी माणसं मणी ओळखून विकतात ती नाही म्हणत नाहीत.

बटव्यात पूर्वी सुपारी, लवंगा असायच्या. आता आई त्यात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवते. सकाळी चहाच्या आधी मणी वर ओढते, एक गोळी काढते, मणी खाली सरकवते आणि बटवा उशाशी ठेवते.